गोव्याचे क्लब आणि दुसरी श्रेणी: खाली कोण गेले, वर कोण परतले?

डिचोलीकर (प्रश्न)

नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयाच्या वार्षिकांकात यंदा गोव्याच्या फुटबॉलवर एक लेख द्यायचे ठरले असून तो लिहिण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. अव्वल स्तरावरील विजेत्यांबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहून झाले आहे. साळगावकरने १९९८-९९ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली, धेंपोने २००४-०५ ते २०११-१२ या काळात पाच वेळा देशाचे अजिंक्यपद मिळवले आणि राष्ट्रीय लीगच्या जागी २००७ मध्ये आय-लीग सुरू झाल्यावर तिचे पहिले सहाही हंगाम गोव्याच्याच क्लबांनी जिंकले, हे फुटबॉलची थोडीफार आवड असलेला कोणीही सांगतो. मला लिहायचे आहे ते दुसऱ्या श्रेणीबद्दल. हेच क्लब अधूनमधून खाली घसरले, त्यांतील काही परत आले, काही आले नाहीत, आणि या सगळ्या प्रकाराची सलग हकिगत माझ्या वाचनात कुठेही आलेली नाही.

माझे तीन प्रश्न आहेत. राष्ट्रीय पातळीवरच्या दुसऱ्या श्रेणीतून गोव्याचे कोणकोणते क्लब गेले आणि त्यांपैकी विजेते कोण ठरले? आपल्या राज्यातील प्रथम विभागीय लीग जिंकणाऱ्या क्लबाला या राष्ट्रीय श्रेणीपर्यंत पोहोचण्याचा मार्ग आहे का? आणि तिसरा, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: खाणी बंद पडल्या म्हणून क्लब घसरले, असे आमच्या भागात सर्रास म्हटले जाते. डिचोली तालुक्यातल्या माणसाला ते पटतेही, कारण २०१२ नंतर ट्रक दारात उभे राहिलेले आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. तरीही छापण्याआधी ते तारखांच्या कसोटीवर उतरते की नाही, हे जाणकारांकडून तपासून घ्यावे असे वाटले.

मडगावचा प्रेक्षक

डिचोलीकरबाब, विषय चांगला निवडला आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर क्रमाने देतो.

आय-लीगचा पहिला हंगाम २००७-०८ चा. त्या हंगामात धेंपो आणि चर्चिल ब्रदर्स या दोघांचेही ३६ गुण झाले आणि गोलफरकावर धेंपो विजेते ठरले. म्हणजे देशातील पहिले दोन्ही क्रमांक गोव्याकडे होते. परंतु त्याच तक्त्याच्या तळाशी व्हिवा केरळच्या जोडीला साळगावकर होता आणि ते दोघे खाली गेले. ज्या वर्षी धेंपोने आशियाई क्लबांच्या एएफसी चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत मजल मारली, त्याच २००८ मध्ये देशाचा एक माजी विजेता क्लब दुसऱ्या श्रेणीत गेला होता, ही गोष्ट आज बहुतेकांच्या स्मरणातून गेली आहे.

साळगावकरने त्यानंतर जे केले त्यावर तुम्ही लेखाचा मोठा भाग खर्च करावा, असे मी सुचवीन. क्लब मोडीत काढला गेला नाही, संघ विकला गेला नाही आणि २००९ मध्ये पुणे एफसी, व्हिवा केरळ आणि शिलाँग लाजाँग यांच्याबरोबर साळगावकरला बढती मिळाली. पुढचा एक हंगाम स्थिरावण्यात गेला. त्यानंतर करीम बेंचरिफा यांच्या मार्गदर्शनाखाली २०१०-११ च्या हंगामात २६ सामन्यांतून ५६ गुण मिळवून साळगावकरने आय-लीग जिंकली आणि २०११ मध्येच फेडरेशन चषकही पटकावला. घसरण ते अजिंक्यपद हा प्रवास तीन वर्षांत पुरा झाला. त्या हंगामात मडगावच्या फातोर्डा मैदानावर ज्यांनी सामने पाहिले त्यांना आठवत असेल की, साळगावकरचा खेळ धेंपोसारखा डोळे दिपवणारा नव्हता. बचाव फळी जागा सोडत नसे, मधली फळी चेंडू गमावताच लगेच मागे येत असे, आणि एक गोल झाला की उरलेला वेळ कसा काढायचा हे त्या संघाला नेमके ठाऊक असे. दुसऱ्या श्रेणीतल्या धकाधकीच्या सामन्यांनी ही सवय लावली असावी, असे माझे मत आहे.

स्पोर्टिंग क्लब द गोवाची गोष्ट लहान आहे. २००४-०५ मध्ये हा क्लब केवळ दोन गुणांनी राष्ट्रीय लीगला मुकला होता, दुदू ओमागबेमी याने त्या हंगामात २१ गोल केले होते, आणि तरीही २०१० मध्ये त्यांच्यावर पदावनतीची वेळ आली. २०११ मध्ये ते परत वर आले. वास्को स्पोर्ट्स क्लबचे उलट झाले. ते २००८ मध्ये बढती मिळवून आय-लीगमध्ये आले, एका हंगामातच मोहमेडनबरोबर खाली गेले आणि पुन्हा तिथे पोहोचले नाहीत. राष्ट्रीय लीगमध्ये दोन वेळा तिसरा क्रमांक मिळवलेला हा क्लब, म्हणून वास्कोच्या टिळक मैदानावर जाणाऱ्यांना ते अधिक लागले.

चर्चिल ब्रदर्सची घसरण सर्वांत चमत्कारिक आहे. २०१२-१३ मध्ये ते देशाचे विजेते होते. जानेवारी २०१४ मध्ये कोचीला अंतिम सामन्यात स्पोर्टिंगला ३-१ असे हरवून त्यांनी फेडरेशन चषक जिंकला. आणि त्याच हंगामाअखेर ते आय-लीगमधून बाहेर पडले. एकाच हंगामात चषकही आणि पदावनतीही, असे उदाहरण गोव्यात दुसरे नाही.

शेवटी धेंपो. २०१४-१५ च्या हंगामाअखेर हा पाच वेळचा विजेता क्लब आय-लीगमधून प्रथमच खाली गेला आणि पुढच्याच, म्हणजे २०१५-१६ च्या द्वितीय श्रेणी लीगमध्ये अव्वल आला. मिनर्व्हा अकादमी दुसऱ्या क्रमांकावर राहिली. त्या बढतीचे पुढे काय झाले ही स्वतंत्र हकिगत आहे, ती दुसऱ्या कोणी सांगावी.

म्हापसेकर

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण माझा बहुतेक फुटबॉल त्याच स्तरावर पाहून झाला आहे.

गोवा फुटबॉल संघटनेच्या रचनेत आज सर्वांत वर प्रोफेशनल लीग, त्याखाली प्रथम विभागीय, त्याखाली द्वितीय आणि तृतीय विभागीय लीग अशी उतरंड आहे. म्हणजे ‘प्रथम विभाग’ हा प्रत्यक्षात राज्याचा दुसरा स्तर ठरतो. जुन्या मंडळींशी बोलताना या बाबतीत सावध राहावे लागते. त्यांच्या तरुणपणी प्रोफेशनल लीग नव्हती, त्यामुळे ‘आम्ही फर्स्ट डिव्हिजन जिंकली होती’ असे ऐंशीच्या घरातले गृहस्थ सांगतात तेव्हा ते गोव्याच्या अजिंक्यपदाबद्दल बोलत असतात, आणि त्यांचा नातू तेच शब्द वापरतो तेव्हा तो प्रो लीगमध्ये जाण्याच्या बढतीबद्दल बोलत असतो. दोन्ही काळांतील विजेत्यांची नावे एकाच यादीत घालू नका.

मार्ग आहे, पण लांबचा आहे. प्रथम विभागाचा विजेता प्रो लीगमध्ये जातो. प्रो लीगमध्ये वरचा क्रमांक मिळवणाऱ्या क्लबांपैकी कोणी इच्छा दाखवली आणि परवान्याच्या अटी पुऱ्या केल्या, तर त्याला राष्ट्रीय रचनेत खालच्या पायरीवर प्रवेश मिळू शकतो. पात्रताधारक प्रशिक्षक, वयोगटातले संघ, मैदानाची हमी, लेखापरीक्षण झालेले हिशेब आणि देशभर प्रवासाचा खर्च, एवढे सगळे उभे करणे हे सासष्टीतल्या किंवा बार्देशातल्या एखाद्या गावच्या क्लबाच्या आवाक्याबाहेरचे असते. असा क्लब बहुधा वर्षभर एखाद्या स्थानिक व्यावसायिकाच्या देणगीवर, आखातात आणि विलायतेत असलेल्या गावकऱ्यांनी पाठवलेल्या पैशांवर आणि चतुर्थीच्या आधी काढलेल्या सोडतीच्या तिकिटांवर चालतो.

प्रथम विभागाचा सामना कसा असतो हे तुमच्या वाचकांना कळावे म्हणून एक प्रसंग सांगतो. पावसाळा सरता सरता बार्देशातल्या एका गावाच्या मैदानावर बढतीचा निर्णय लावणारा सामना होता. मैदानाला लागून शेत, भात पोटरीला आलेले, आणि कुंपणाची जाळी एका बाजूला फाटलेली. सामना संपायला थोडा वेळ उरला असताना पाहुण्या संघाच्या बचावपटूने चेंडू सरळ शेतात मारला. यजमानांकडे दुसरा चेंडू होता, पण तो त्यांच्या व्यवस्थापकाच्या पायाखाली होता आणि सामना बरोबरीत सुटला तरी बढती त्यांचीच असल्याने त्याला पाय उचलण्याची घाई नव्हती. पंचांनी शिट्टी वाजवून घड्याळ थांबवल्याची खूण केली, चौथे पंच बाकाजवळ गेले, त्यांनी व्यवस्थापकाला काही न बोलता चेंडू उचलला आणि रेषेवर ठेवला. तेवढ्यात शेताचा मालक गुडघाभर चिखलातून पहिला चेंडू घेऊन आला आणि पिकाची नासाडी झाली म्हणून दोन्ही संघांना मिळून एकच दम भरून गेला. तो त्याच गावचा असूनही त्याने यजमानांना सूट दिली नाही. सामना बरोबरीत सुटला.

डिचोलीकर

दोघांचेही मनापासून आभार. चर्चिलने २०१२-१३ ची आय-लीग जिंकली तेव्हा खाणी बंदच होत्या, कारण राज्य सरकारने सप्टेंबर २०१२ मध्ये खाणकाम थांबवले आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. आणि साळगावकर २००८ मध्ये खाली गेले तेव्हा आमच्याकडे खनिजाला कधी नव्हता एवढा भाव होता, चीनला जाणारी जहाजे मुरगावच्या बाहेर रांग लावून उभी असत. म्हणजे खाणींचे कारण दोन्हीकडून गळते, असे समजायचे का?

फोंड्याहून श्रीधर

असे पूर्णपणे समजू नये, असे मी म्हणेन. मी एका खाण कंपनीच्या कार्यालयात आयुष्य काढले आहे, त्यामुळे या विषयाची आतली बाजू थोडी परिचयाची आहे.

तारखांपुरते तुमचे म्हणणे बरोबर आहे, आणि त्याला बळकटी देणारी आणखी एक तारीख सांगतो. धेंपो समूहाने आपला खाण व्यवसाय जून २००९ मध्ये सेझा गोवा या खाण कंपनीला सुमारे १७५० कोटी रुपयांना विकला. त्यानंतर धेंपोच्या फुटबॉल संघाने २००९-१० आणि २०११-१२ अशी दोन अजिंक्यपदे मिळवली. खाण हातातून गेल्यावर संघ कोसळायचा असता तर तेव्हाच कोसळला असता. चर्चिल ब्रदर्स तर आलेमाव कुटुंबाचा क्लब, त्याचा उगम वार्क्याचा, खाणपट्ट्याशी त्याचा संबंध नाही. तेव्हा ‘खाण बंद, म्हणून क्लब खाली’ हे वाक्य छापू नका.

परंतु खाणींनी गोव्याच्या फुटबॉलला दिले ते केवळ संघाचे अंदाजपत्रक नव्हते. व्यावसायिक करार येण्यापूर्वीच्या पिढ्यांमध्ये खेळाडूला कंपनीत नोकरी मिळत असे. तो सकाळी सराव करी, दुपारी टेबलाशी बसे, आणि पाय थकल्यावरही त्याची नोकरी आणि पगार चालू राहत असे. गावातल्या बापाला मुलाला मैदानावर पाठवताना जो धीर लागतो तो या व्यवस्थेतून मिळत असे. तुमच्या तालुक्याचा तर यात मोठा वाटा आहे. धेंपो क्लबाचे मूळ डिचोलीच्या क्लबात आहे, आणि सेझाची फुटबॉल अकादमी १९९९ मध्ये निघाली ती तुमच्याच तालुक्यातल्या साखळी परिसराशी जोडलेली राहिली. हे सगळे २०१२ मध्ये एका दिवसात संपले नाही. करारपद्धती आल्यावर ते आधीपासूनच आक्रसत आले होते, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले तेव्हा त्यातले फारसे शिल्लकही नव्हते.

त्यामुळे माझे सांगणे असे की, खाणींचा परिणाम शोधायचा तर तो आय-लीगच्या तक्त्यात न शोधता म्हापसेकरांनी वर्णन केलेल्या प्रथम आणि द्वितीय विभागीय लीगमध्ये शोधावा. खाणपट्ट्यातल्या गावांचे जे छोटे क्लब स्थानिक ट्रकमालकाच्या आणि बार्जमालकाच्या देणगीवर चालत होते त्यांना २०१२ नंतर जर्सी आणि प्रवासखर्च यांसाठीसुद्धा दारोदार फिरावे लागले. मोठ्या क्लबांना मालक होता, यांना नव्हता.

मडगावचा प्रेक्षक

श्रीधरबाबांशी मी बव्हंशी सहमत आहे, फक्त मोठ्या क्लबांच्या बाबतीत एक गोष्ट जोडतो. २००८ ते २०११ या काळात साळगावकर आणि स्पोर्टिंग दोघेही खाली जाऊन परत आले, त्याचे एक साधे कारण असे की, द्वितीय श्रेणी ही तेव्हा गटसाखळी आणि त्यानंतर अंतिम फेरी अशी आटोपशीर स्पर्धा होती आणि ती संपली की वर जाण्याचा दरवाजा खरोखर उघडत असे. मधल्या काळात खेळाडूंना गंज चढू नये यासाठी आपली प्रो लीग होतीच, जिच्यात देशातले तीन-चार अव्वल क्लब दर आठवड्याला समोर उभे असत. दुसऱ्या कोणत्याही राज्यात, पश्चिम बंगाल वगळता, पदावनत झालेल्या क्लबाला एवढ्या दर्जाचे घरचे सामने मिळत नव्हते. मालकांनी पैसे घातले कारण दोन-तीन वर्षांत ते वसूल होण्याची, निदान प्रतिष्ठेच्या रूपाने, वाजवी आशा होती.

पणजीची वाचक

ज्या हकिगतीचा उल्लेख वर अर्धवट सोडला आहे ती मी पुरी करते, कारण तिसऱ्या प्रश्नाचे माझ्या मते खरे उत्तर तिथे आहे.

धेंपोने २०१५-१६ ची द्वितीय श्रेणी जिंकली, म्हणजे २०१६-१७ च्या आय-लीगमध्ये त्यांची जागा पक्की झाली. त्याच सुमारास अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने नव्या रचनेचा आराखडा पुढे केला. त्यात इंडियन सुपर लीग, म्हणजे २०१४ मध्ये निघालेली फ्रँचायझी संघांची स्पर्धा, सर्वोच्च आणि आय-लीग तिच्याखाली असणार होती, आणि सुरुवातीची काही वर्षे दोहोंमध्ये बढती-पदावनती असणार नव्हती. याचा अर्थ असा की, आय-लीग जिंकणाऱ्या क्लबालाही वर जाण्याचा मार्ग नव्हता. जून २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिघांनी निषेध म्हणून आय-लीगमधून माघार घेतली. दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवून, बढती हातात असताना, ती न स्वीकारणारा क्लब म्हणून धेंपोची नोंद तुमच्या लेखात ठळकपणे यायला हवी. चर्चिल ब्रदर्स मात्र त्याच २०१६-१७ च्या हंगामात आय-लीगमध्ये परतले आणि २०२४-२५ पर्यंत तिथेच राहिले.

त्या निर्णयाविषयी गोव्यात आजही दोन तट आहेत. क्लबांनी मैदान सोडायला नको होते, आत राहून भांडायला हवे होते, असे अनेकांचे मत आहे. मला तसे वाटत नाही. देशाच्या अजिंक्यपदांवर ज्यांची नावे कोरलेली आहेत अशा क्लबांना, तुम्ही कितीही जिंका, वर जाणार नाही, असे सांगून पुन्हा वर्षाला काही कोटी खर्च करायला लावणे अन्यायाचे होते. नुकसान झाले ते खेळाडूंचे, हे मात्र दोन्ही तटांनी मान्य करावे लागेल. राष्ट्रीय हंगाम जाऊन त्यांच्या वाट्याला फक्त राज्यातली लीग आली, आणि ज्यांना सुपर लीगच्या संघांत स्थान मिळाले नाही त्यांनी पंचविशीतच बूट टांगून ठेवले किंवा पोर्तुगीज पासपोर्टवर विलायतेची वाट धरली.

दरवाजा पुन्हा उघडला तो २०२२-२३ पासून, आय-लीगच्या विजेत्याला सुपर लीगमध्ये बढती देण्याचे सुरू झाल्यावर. त्या वर्षी पंजाबचा आणि पुढच्या वर्षी मोहमेडनचा संघ वर गेला. धेंपो राष्ट्रीय मैदानात परतले ते नेमके यानंतर. २०२३-२४ च्या आय-लीग २ मध्ये स्पोर्टिंग क्लब बंगळुरू विजेते आणि धेंपो उपविजेते ठरले, आणि समीर नाईक यांच्या प्रशिक्षणाखाली क्लब २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये दाखल झाला. समीर स्वतः धेंपोच्या अजिंक्य संघांतून खेळलेले आहेत. पैसा २०१६ मध्येही होता आणि २०२३ मध्येही होता. बदलली ती नियमावली, आणि डिचोलीकरबाब, तारखांच्या कसोटीवर उतरणारे कारण मला तरी हेच दिसते.

म्हापसेकर

पणजीच्या वाचकबाईंनी फार नेमके लिहिले आहे. तक्ता करताना एक काळजी घ्या, नाहीतर वाचकांची पत्रे येतील. २०१५-१६ मध्ये धेंपोने जिंकलेली द्वितीय श्रेणी हा देशाचा दुसरा स्तर होता, परंतु २०२३-२४ मध्ये ज्या स्पर्धेत ते उपविजेते ठरले ती आय-लीग २ तेव्हा तिसरा स्तर होती, कारण दुसऱ्या स्तराची जागा स्वतः आय-लीगने घेतली होती. म्हणून प्रत्येक हंगामासमोर स्पर्धेच्या नावाबरोबर स्तराचा आकडाही द्या.

आणि या न्यायाने तुमच्या यादीत आणखी एक ओळ येते. २०२४-२५ ची आय-लीग, म्हणजे तेव्हाचा दुसरा स्तर, चर्चिल ब्रदर्सने मैदानावर ४० गुणांनी अव्वल राहून संपवली आणि महासंघाने त्यांना विजेते म्हणून जाहीरही केले. वाराणसीच्या इंटर काशी या क्लबाने ‘नामधारी एफसी’ या क्लबाविरुद्धच्या सामन्यातील अपात्र खेळाडूचा आणि स्वतःच्या एका परदेशी खेळाडूच्या नोंदणीचा वाद लोझान येथील क्रीडा लवादापर्यंत नेला. जुलै २०२५ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, त्यांचे गुण ४२ झाले आणि वार्क्याला आलेले विजेतेपद, त्याबरोबर सुपर लीगमधली जागाही, परत गेली. तेव्हा त्या ओळीत विजेते इंटर काशी, उपविजेते चर्चिल ब्रदर्स असे छापा, आणि खाली एका वाक्यात हकिगत द्या; सासष्टीतले वाचक ती शोधणारच.